प्रोफेसर गाव्रोनची चाचणी

"नापास नाही म्हणत मी," प्रोफेसर गाव्रोन म्हणाले. "पाया कच्चा आहे म्हणतो. पाया पक्का करून आणा, मग बघू."

साबिनाने मान डोलावली आणि लेकीला, कालिनाला, घेऊन ती बाहेर पडली. फाटकावरची पाटी तिने येताना वाचली होती, जाताना पुन्हा वाचली. 'माझा प्रत्येक विद्यार्थी नव्वदच्या पुढे.' अख्ख्या तार्नूफमध्ये अशी पाटी लावण्याची छाती दुसऱ्या कुठल्याच शिकवणीवाल्याची नव्हती.

कालिना शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. मे महिन्यात मातुराची शालान्त परीक्षा, आणि तिने वरच्या पातळीचं गणित घेतलेलं. बाकीचं गणित ती हसतखेळत सोडवायची, पण संख्याशास्त्र आलं की गाडी अडायची. तेवढ्यापायी क्राकूफच्या विद्यापीठातली जागा हुकणार, या धास्तीने साबिनाचा जीव खालीवर होत होता.

साबिनाचं पडद्यांचं दुकान होतं. खिडक्यांची मापं सांगता सांगता बायका मुलांचे मार्कही सांगून टाकत, त्यामुळे कुठला शिकवणीवाला किती पाण्यात आहे, हे तिला बसल्या जागी कळे. सगळ्यांचं बोट शेवटी गाव्रोनकडेच जायचं. फक्त त्यांच्या चाचणीत पास व्हायला हवं. म्हणजे शिकवणीत शिरण्यासाठी आधी दुसरी शिकवणी लावायची. साबिनाला यात काही वावगं वाटलं नाही. तार्नूफमध्ये कुणालाच वाटत नसे.

एका गिऱ्हाइकाने ब्लांका रूशिनचं नाव सुचवलं. ब्लांका बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवायची. खुर्च्या पाच, म्हणून मुलं पाच. ना चाचणी, ना पाटी. नुकतंच एक कुटुंब गाव सोडून गेलं होतं, त्यांच्या मुलाची खुर्ची कालिनाला मिळाली.

"तात्पुरतंच आहे हं," साबिना दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची.

ब्लांका मुलांना बरणीतून मुठीमुठीने घेवड्याचे दाणे काढायला लावायची, खालच्या बेकरीतले पाव तोलायला पाठवायची. पावाचा वास घेऊन कालिना घरी यायची ती बडबडतच. आईच्या दुकानातल्या पडद्यांची लांबीसुद्धा तिने मोजून काढली आणि कापड कुठे वाया जातं ते दाखवून दिलं. हिवाळा असा मजेत चालला होता. साबिना रात्री शांत झोपायला लागली होती.

एकदा दोघी पियेरोगीच्या करंज्यांत सारण भरत बसल्या असताना कालिना म्हणाली, "आई, गाव्रोन सरांच्या सगळ्या मुलांना नव्वद पडतात, कारण ज्यांना पडणारच असतात त्यांनाच ते घेतात."

"शहाणपणा पुरे. कडा नीट दाब."

"ब्लांकाने नाही सांगितलं हं. माझं मीच काढलं."

साबिनाला मनातून लेकीचं कौतुक वाटलं. पण पाटी ती पाटीच.

फेब्रुवारीत दुसरी चाचणी झाली. कालिना तोंड पाडूनच बाहेर आली. शेवटचं गणित कोरं राहिलं होतं, त्याच्या आधीचं चुकलं होतं. प्रोफेसरांनी कागद वरवर चाळला, बाजूला ठेवला आणि मधल्या काळात ती कुणाकडे शिकत होती ते विचारलं.

"आहे एक बाई, बेकरीच्या वर," साबिना ओशाळून म्हणाली.

"रूशिन?"

"हो. तात्पुरतंच."

"कुठले वार?"

"मंगळवार आणि शुक्रवार."

प्रोफेसरांनी ते वार टिपून घेतले. मग म्हणाले, "घेतलं तुमच्या मुलीला."

साबिनाला आपण काय ऐकतोय तेच कळेना. "पण सर, शेवटचं गणित मी..." असं कालिना म्हणायला लागली, तेव्हा आईने तिला कोपराने ढोसलं.

"एक अट आहे," प्रोफेसर म्हणाले. "दोन ठिकाणी शिकलेलं माझ्याकडे चालत नाही. तिकडची जागा आधी सोडा. उद्याच सोडलीत तर उत्तम."

घरी जाताना कालिना फुरंगटली. तिला ब्लांकाकडेच राहायचं होतं. साबिनाने तिला क्राकूफची आठवण करून दिली, पाटीची करून दिली, आणि गावातली किती मुलं या संधीसाठी तळमळतात तेही ऐकवलं. शेवटी "कर तुला हवं ते" म्हणून पोरगी गप्प झाली. साबिनाने तेवढ्यालाच होकार मानला.

दुसऱ्या दिवशी सफरचंदाचा केक घेऊन ती बेकरीचा जिना चढली. काय बोलायचं ते मनात घोकूनच आली होती, पण तिने तोंड उघडायच्या आतच ब्लांका म्हणाली, "कालिना सोडतेय ना? कळलं मला."

पोरीनेच फोन केला असणार, साबिनाच्या मनात आलं.

"वाईट वाटलं," ब्लांका म्हणाली. "आता कुठे तिला गोडी लागली होती. मेपर्यंत सहज नव्वदच्या पुढे गेली असती. पण खुर्ची काही रिकामी राहणार नाही. एक गृहस्थ नाताळपासून मुलीसाठी माझ्या मागे लागलेत. आज सकाळीच पुन्हा त्यांचा फोन आला."

हे ऐकून साबिनाच्या मनावरचं ओझं उतरलं. आपल्यामुळे या भल्या बाईचं काही नुकसान होत नाही, याचं तिला फार बरं वाटलं. दोघींनी चहा घेतला. केक छान जमला होता. ब्लांकाने कालिनाच्या चार गमती सांगितल्या आणि साबिना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. ब्लांकाचे हात केकने बरबटले होते, म्हणून साबिनाच उठली आणि तिने दार उघडलं.

दारात, हॅट हातात घेऊन, प्रोफेसर गाव्रोन उभे होते, आणि त्यांच्यामागे हुबेहूब त्यांच्याच नाकाची एक मुलगी.