निर्जळा एकादशी

१९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा आला आणि नायब तहसीलदार मोरोपंत बदनावरकडच्या एका गावात सार्वजनिक विहीर सर्वांना खुली करायला गेले. गणपत चांभाराने जन्मात पहिल्यांदा तिथे पोहरा सोडला, लोटा भरला आणि मोरोपंतांपुढे धरला.

“साहेब, एक घोट घ्या. तुम्ही प्यालात की गाव पिईल. नाहीतर उद्यापासून इथं कुणी फिरकायचं नाही.”

सारं गाव बघत होतं. मोरोपंतांनी कपाळाचा घाम पुसला.

“घेतलं असतं रे. पण आज निर्जळा एकादशी.”

“ती तर काल झाली ना, साहेब?” गावचे मुखिया खंडोजी पटेल म्हणाले.

“ती स्मार्तांची. आमची भागवतांची आज.”

“हौ साहेब,” खंडोजींनी शांतपणे मान डोलावली, “मग आमचीबी आजच.”

लोटा गणपतने एकट्यानेच संपवला.

दुसरा उन्हाळा आला. विहीर कायद्याने खुलीच आहे. गाव नदीवरून पाणी आणतं आणि या विहिरीला चांभारांची विहीर म्हणतं. मोरोपंतांनी एकादशी दुसऱ्या दिवशी सोडली. गावाची अजून सुटायची आहे.