रेडिओ बंद

“एक शब्द जरी फुटला ना, तर मिशी गेली! तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत!”

इस्त्रीवाल्या मावशींनी हात पुढे केला. सलूनवाल्याने त्यावर टाळी दिली आणि गल्ली खिदळली. कारण सलूनवाल्याला गल्लीत नाव एकच होतं, रेडिओ. गिऱ्हाईक आलं की “बसा, वेळ लागेल” म्हणायचा आणि सुरू व्हायचा. केस संपायचे, गोष्ट संपायची नाही. शिंप्याने तर एका गोष्टीचा शेवट ऐकायला दुसऱ्यांदा कटिंग केली होती.

भानगडीचं मूळ होतं कोपऱ्यावरचं कलासंग्रहालय. उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी त्याचं अंगण गल्लीला मोकळं असायचं. कधी गाणी, कधी मातीकाम, कधी नुसताच वारा खायचा. खुर्ची ज्याने त्याने घरून आणायची. शेवटच्या शनिवारी समोर माणूस बसवून चित्रं काढायची होती, आणि चित्रकलेच्या बाईंनी रेडिओला निवडला. मिशीसाठी. मिशी होतीच तशी. दोन्ही टोकांना पीळ, मधे तेलाची चमक. सलूनची पाटी गंजून गेली, पण मिशीवर कधी धूळ बसली नाही.

“दिवे मालवेपर्यंत गप्प राहिलो तर?” रेडिओने विचारलं.

“तर मी माइकवर सांगेन, गल्लीत सगळ्यात शहाणा हाच.”

“मावशी, एवढं खोटं बोलू नका, जीभ झडेल,” शिंपी म्हणाला.

“ती वेळच येणार नाही. आणि ए रेडिओ, वस्तरा बरोबर आण. ऐन वेळी पळापळ नको.”

पैज कबूल झाली. आता माघार नव्हती. पैज बुडवणाऱ्याचं त्या गल्लीत पुन्हा कोणी ऐकून घेत नसे.

शनिवारी रेडिओने आधी बापाला चाकाच्या खुर्चीतून आणून झाडाखाली ठेवलं. आठवडाभर म्हातारा पत्र्याखाली भाजत पडायचा. शनिवारी मात्र दुपारीच केस विंचरून तयार. मग रेडिओ अंगणाच्या मधोमध बसला. ओठ घट्ट.

गल्लीने जंग जंग पछाडलं. “परवाच्या कटिंगनंतर बायकोने मला ओळखलं नाही रे!” शिंपी म्हणाला. “पलीकडचं सलून लई भारी आहे म्हणे,” मावशींनी पिन मारली. रेडिओचे गाल फुगले, कान लाल झाले. शब्द नाही. रिटायर्ड कंडक्टर कागदावर मिशीचा पीळ काढता काढता घामाघूम झाले होते. “हलू नकोस रे बाबा! डावी बाजू आत्ता कुठे जमलीय!”

तेवढ्यात संग्रहालयाचे अध्यक्ष आले. कडक इस्त्री, हातात माइक.

“पुढच्या उन्हाळ्यापासून अंगण फक्त सभासदांसाठी. फाटक बंद राहील. आवाज फार होतो, आणि या घरच्या खुर्च्या… बरं दिसत नाही. नियमाप्रमाणे शेजाऱ्यांना विचारावं लागतं, म्हणून विचारतो. कोणाची हरकत? गप्प बसलात तर होकार धरतो.”

शिंपी इथल्या पहारेकऱ्यांचे गणवेश शिवायचा, तो बोटं मोजत बसला. चित्रकलेच्या बाईंचा पगार इथलाच, त्या पेन्सिलीला टोक काढू लागल्या. आणि अध्यक्षांच्या शर्टाची घडी मावशींच्याच हातची. रोज गल्ली डोक्यावर घेणारी सगळी तोंडं एकदम शिवली गेली.

झाडाखालच्या म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. भाषण थांबलेलं बघून त्याने एकट्याने टाळ्या वाजवल्या. मनापासून.

रेडिओने बापाकडे बघितलं.

“अरे बोल ना मेल्या!” मावशी दातओठ खात कुजबुजल्या. “सोडली मी पैज! दिली माफी!”

रेडिओने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

“मग काय, सगळ्यांचा होकार…” अध्यक्ष खिशात पेन शोधू लागले.

रेडिओ उठला. कंडक्टरांच्या बरणीतलं रंगाचं पाणी त्याने ब्रशने मिशीवर थापलं. ओठ निळा झाला. वरच्या खिशातून वस्तरा निघाला. फर्र! डावी बाजू गेली.

“अरे ए! माझी मिशी!” कंडक्टर ओरडले.

अध्यक्षांचा हात खिशातच राहिला. शिंपी खुर्चीवर उभा राहिला. हसावं की रडावं कोणाला कळेना. साबण नाही, आरसा नाही, तरी वस्तरा सरळ चालला. फर्र! उजवी बाजूही गेली. ओठावर रक्ताचा एक ठिपका आला, तो त्याने बाहीला पुसला.

पीळ तसाच असलेली दोन्ही टोकं त्याने मावशींच्या हातावर ठेवली. मावशींनी मूठ मिटली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की घाम, देव जाणे.

मग रेडिओने अध्यक्षांच्या हातातला माइक अलगद काढून घेतला, आपली रिकामी खुर्ची पायाने त्यांच्याकडे सरकवली, आणि संध्याकाळभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

“हरकत आहे. बसा साहेब, वेळ लागेल.”