मानेचं माप

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी म्हातारा मूर्तिकार झोसिमस दोरी घेऊन आला आणि नव्या सम्राज्ञीच्या, ऑरेस्टिलाच्या, मानेचं माप घेऊन गेला. चौकातल्या संगमरवरी पुतळ्यावर आधीच्या सम्राज्ञीच्या जागी तिचं डोकं बसलं. ती आधीची कुठं गेली, हे राजवाड्यात कुणी विचारत नसे.

“अंग तेच ठेवलंत?” ऑरेस्टिलानं हसून विचारलं होतं.

“अंग तेच चालतं, बाईसाहेब. डोकं तेवढं बदलायचं.”

तीन वर्षांनी आज तो पुन्हा दोरी घेऊन दारात उभा राहिला. धाकटी बहीण प्रिमिला मागे उभी राहून ऑरेस्टिलाची वेणी घालत होती.

“या काका! मान जाड झाली का माझी, बघायला आलात?” म्हणत ऑरेस्टिलानं हनुवटी वर केली.



तिची नजर चुकवत झोसिमस मागे गेला आणि त्यानं दोरी प्रिमिलाच्या मानेभोवती धरली.