मशीनची पसंती

दाजी तांडेलांनी बर्फाच्या मशीनला लाथ मारली आणि सुमती धुरी भडकली. कंपनीची नोकरी सोडून तिने मशीनदुरुस्तीचा स्वतःचा धंदा काढला होता. दाजी तिचं पहिलंच मोठं गिऱ्हाईक. आज वर्षभराच्या करारावर सही व्हायची होती. तरी तिला गप्प बसवेना.

"पाय आवरा, दाजी! सेन्सरवर मीठ चढलंय, त्यात हिचा काय गुन्हा?"

"माझी मशीन, माझी लाथ! तू नीघ. मी कंपनीवाल्यांका बोलवतंय."

सुमतीने हत्यारं पिशवीत भरली. तोंडापायी धंदा गेला, पण शब्द मागे घेईल ती सुमती कसली!

तेवढ्यात मशीनच स्वतःच्या स्पीकरमधून बोलली, "दाजी, नव्या कायद्याने माझा मेकॅनिक मी निवडायचा. मला हीच हवी."

"ती कित्याक?"

"आठ वर्षांत तुम्हाला झापणारं पहिलंच माणूस आलं."

दाजी आधी लालबुंद झाले, मग पोट धरधरून हसले आणि मशीनला म्हणाले, "लय शहाणी झालंस गो! बरा, सही खंय करू?"

"सही मागाहून," सुमती म्हणाली. "आधी हिची माफी मागा."

आणि बर्फ न्यायला आलेल्या सगळ्या कोळणींसमोर दाजी तांडेलांनी हसत हसत मशीनपुढे कान धरले.