उत्तरेची खिडकी

गांधीबागेतले रेडिमेड कपड्यांचे व्यापारी प्रेमानंदभाऊ शहराबाहेर वाडीला नवीन गोदाम बांधणार होते. आर्किटेक्ट रुचिराला या धंद्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तिनं एवढंच विचारून घेतलं, की कोणता माल किती असतो. भाऊंचीही अट एकच होती. केबिनची खिडकी उत्तरेला हवी, येणारी लक्ष्मी तिथून दिसली पाहिजे.

नकाशा पाहून भाऊ म्हणाले, "मॅडम, उत्तरेले हा एवढा मोठा हॉल कायचा?"

"न विकलेल्या मालाचा. सगळ्यात जास्त तोच असतो, असं तुम्हीच सांगितलं."

"अवो, फॅशन गेली का तो माल कोणी फुकटात नेत नाही. जाळाच लागते. अन् माझी खिडकी त्याच्यातच उघडून राहिली?"

"हो. येणारी लक्ष्मी दिसावी म्हणालात. जाणारीही दिसू द्या."

भाऊंनी नकाशातल्या खिडकीवर बोट ठेवलं.

"राहू द्या खिडकी. पडदा लावून घेऊ. कपड्याची काय कमी आहे आपल्याकडे?"