गाण्यातली शांत जागा

"कॅसेट लाव आणि आवाज वाढव," असं म्हणत बाबा कमरेचा पट्टा काढायचे. परागच्या आवडत्या बँडचं ते रॉक गाणं भिंती हादरवत सुरू झालं की त्याच्या पाठीवर वळ उमटायला लागायचे. ड्रम्सच्या दणदणाटात त्याचं किंचाळणं शेजारी पोचायचं नाही. उलट शेजारच्या देवस्थळीकाकू आईला जिन्यात गाठून कौतुकानं म्हणायच्या, "भारीच वेड गं तुझ्या परागला गाण्याचं!" आई नुसती हसायची.

गाण्याच्या मध्यावर मात्र सगळी वाद्यं थांबायची आणि एकटी गिटार हळूच रडल्यासारखी वाजायची. त्या शांततेत ओरडणं बाहेर ऐकू जाईल म्हणून तेवढा वेळ बाबांचा पट्टाही थांबायचा. फुटलेला ओठ दातांखाली दाबून पराग ते सूर ऐकायचा. त्या गिटारवाल्यानंच आपल्यासाठी बाबांचा हात धरलाय, असं त्याला वाटायचं. म्हणून तर इतका मार खाऊनही ते गाणं त्याला कधी नकोसं झालं नाही.

आज तीस वर्षांनी तोच बँड शहरात आला होता. बायकोच्या शेजारी उभा राहून पराग मैदानातल्या हजारोंबरोबर तेच गाणं गात होता. गाणं मध्यावर आलं, ड्रम्स थांबले आणि पांढऱ्या केसांचा गिटारवाला एकटाच पुढे आला. अख्खं मैदान गप्प झालं.

आणि पराग किंचाळला. बेंबीच्या देठापासून, श्वास संपेपर्यंत किंचाळला.

आजूबाजूच्या माना वळल्या. बायकोनं घाबरून त्याचा दंड पकडला, "अरे, काय झालं?"

"काही नाही," तो धापा टाकत म्हणाला, "तेव्हाचं राहिलं होतं."