क्रॅन्डलची चेटकीण

"हे भोपळे पोरांनी कोरलेत की उंदरांनी?" ऑर्विल क्रॅन्डलने शाळेच्या वाचनालयात पाऊल टाकताच विचारलं.

हेडी लुंड कसनुसं हसली. मिनेसोटातल्या त्या गावातलं हे वाचनालय ती सांभाळत होती, आणि ते चालू ठेवायचं की नाही हे आज ठरणार होतं. शाळा समितीचे अध्यक्ष मागे बसून सारखं घड्याळ बघत होते. म्हणून तर सहा महिने पत्रं लिहून तिने या चित्रकाराला बोलावलं होतं. हॅलोविनच्या एका जुन्या कवितेचं त्याचं चित्रांचं पुस्तक घरोघरी होतं. माणूस मात्र भलताच खवट निघाला.

मागून त्याची बायको मर्ना दोन जड पिशव्या घेऊन आली. तिची नखं शाईने काळी झालेली. हेडी तिच्यासाठी खुर्ची आणायला वळली.

"राहू दे. कुंचले धुण्यापलीकडे हिला काही काम नाही," ऑर्विल म्हणाला.

टेबलावरचं सफरचंदाच्या रसाचं अख्खं भांडं या शहाण्याच्या डोक्यावर ओतावं, असं हेडीला वाटलं.

त्याने कविता वाचली, तीही हजेरी घेतल्यासारखी. हॅलोविनसाठी भुतं, वटवाघळं, सांगाडे बनून आलेली पोरं जांभया देऊ लागली. अध्यक्षांनी कोट चढवला.

हेडीने घाईघाईने भिंतीवर मोठा कागद लावला. पाहुण्या चित्रकाराने मुलांसमोर एक चित्र काढायचं, ही सगळ्याच शाळांची रीत. "सर, तुमची झाडूवरची चेटकीण काढून दाखवता?"

"या रद्दीवर? या शेंबड्यांसाठी? गाढवाला गुळाची चव काय!"

"घाबरला, घाबरला!" एक सांगाडा ओरडला. सगळी पोरं खिदळली.

ऑर्विलचं तोंड लाल झालं. "माझा हात दुखतोय."

"काल तर चार तास बोलिंग खेळलास," मर्ना म्हणाली.

"तू गप्प बस! तुला काय कळतं यातलं?"

मर्नाने पिशव्या खाली ठेवल्या. "मी काढू का गं?" तिने हेडीला विचारलं.

अध्यक्ष दारापर्यंत पोचले होते. बुडत्याला काडीचा आधार. हेडीने पेन तिच्या हातात दिलं.

चार रेघांत हनुवटी आली, मग वाकडी टोपी, मग झाडू.

"पुस्तकातलीच आहे!" पोरं किंचाळली. अध्यक्ष मागे फिरले आणि पुढच्या रांगेत येऊन बसले.

मर्नाने शेवटची रेघ ओढली आणि सवयीने खालच्या कोपऱ्यात झोकदार सही ठोकली: ऑर्विल क्रॅन्डल.